विशेषणाचें नाम होतें तेव्हां
(आकाशवाणीवरील भाषण)

आजचा विषय व्याकरणाचा आहे असें ऐकतांच कित्येक घरांत रेडिओची कळ फिरविण्याकडे हात गेला असेल. तो हात थोडा वेळ आवरावा, एवढीच माझी विनंति आहे. इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला एका प्रश्नानें केव्हां ना केव्हां छळलेलें असतें. ‘काइंड’चें भाववाचक नाम ‘काइंडनेस’, ‘डार्क’चें ‘डार्कनेस’. मग ‘लाँग’चें ‘लेंग्थ’ कां? ‘प्युअर’चें ‘प्युरिटी’, ‘वाइज’चें ‘विज्डम’, ‘ब्रेव्ह’चें ‘ब्रेव्हरी’ आणि ‘ऑनेस्ट’चें ‘ऑनेस्टी’, हा कोठला न्याय? शाळेंत या प्रश्नाचें उत्तर बहुधा एका यादीनें दिलें जातें. डावीकडे विशेषण, उजवीकडे नाम. पाठ करा आणि परीक्षेंत लिहा. यादी पाठ होते, परीक्षा संपते आणि परीक्षेबरोबर यादीहि संपते.

आज मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, ही यादी वाटते तितकी मनमानी नाहीं. तिच्या मागें इतिहास आहे, आणि ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला तो समजावयास मुळींच अवघड नाहीं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. विशेषणाचें नाम करणें म्हणजे शब्दाला शेपूट जोडणें नव्हे. त्या एका कृतीनें वस्तूकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते, आणि कधीं कधीं माणसाचें भवितव्यहि बदलतें. याचा पुरावा शोधण्यास लांब जावयास नको. तो आपल्या सातारा-सांगलीकडेच आहे.

प्रथम विशेषणाचा स्वभाव पाहूं. विशेषण हा परावलंबी शब्द आहे. ‘उंच’ म्हटलें कीं ‘काय उंच?’ असा प्रश्न येतो. झाड उंच, घर उंच, माणूस उंच. कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवल्यावांचून त्याला उभें राहतां येत नाहीं. त्याचें ‘उंची’ हें नाम झालें म्हणजे तें स्वतःच्या पायांवर उभें राहतें. सांगलीकरांना याचें उदाहरण पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. कृष्णेला पूर आला म्हणजे आयर्विन पुलापाशीं पाणी किती फुटांवर आहे, हेंच सारें शहर एकमेकांस विचारीत असतें. ‘पाणी फार उंच चढलें’ असें म्हटलें तर वाद होऊं शकतो. एकाला तें उंच वाटेल, दुसऱ्याला वाटणार नाहीं. परंतु ‘पाण्याची उंची’ असें म्हणतांच ती मोजतां येते, लिहून ठेवतां येते, मागच्या पुराशीं ताडून पाहतां येते. २००५ सालचा पूर मोठा कीं २०१९ सालचा मोठा, याचा निकाल ‘उंच’ या विशेषणानें लागत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत पाण्याची उंची ५७ फुटांच्या वर गेली, असें म्हटलें म्हणजे लागतो. गुणाला नाम मिळालें कीं त्याला माप मिळतें, तो दुसऱ्या गुणाशीं ताडतां येतो, त्याच्याविषयीं कांहीं ठरवितां येतें. भाववाचक नामाचें सामर्थ्य तें हेंच.

आतां आपल्या भाषेचें घर उघडून पाहूं. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं निघालें. या आणि यांच्यानंतरच्या व्याकरणकारांनीं ज्या शब्दांची छाननी केली, ते आपण दिवसांतून शंभर वेळां उच्चारतों. परंतु ते किती घराण्यांतून आले आहेत याचा विचार करीत नाहीं. पहिलें घराणें ‘पणा’चें. भोळा–भोळेपणा, वेडा–वेडेपणा, शहाणा–शहाणपण. हा प्रत्यय सोशिक आहे. जवळ जवळ कोणत्याहि विशेषणाला तो नाहीं म्हणत नाहीं. दुसरें घराणें संस्कृताचें. नम्र–नम्रता, गुरु–गुरुत्व, आणि याच घराण्यांतली एक जुनी रीति अशी कीं, तींत शब्दाचा आरंभींचा स्वरच बदलतो: शूर–शौर्य, मधुर–माधुर्य, उदार–औदार्य, सुंदर–सौंदर्य. तिसरें घराणें फारसीच्या वाटेनें, दरबार आणि दफ्तर यांच्या संगतीनें आलें: गरीब–गरिबी, खूश–खुशी, तयार–तयारी. यांखेरीज गार–गारवा, ओला–ओलावा, महाग–महागाई, स्वस्त–स्वस्ताई अशीं लहान लहान कुळें आहेतच. हें सारें कोणीं आपल्याला यादी करून पाठ करावयास लावलें नव्हतें. ‘गरीबत्व’ म्हणूं नये आणि ‘नम्रपणा’ म्हटलेलें चालतें, हें आपल्या कानाला न शिकतां कळतें.

इंग्रजीचें घर असेंच तीन वाड्यांचें आहे. तिचा मूळ वाडा जर्मानिक कुळांतला. पुढें १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि कित्येक पिढ्या राजदरबारीं व न्यायमंदिरांत फ्रेंच भाषेचा अंमल चालला. धर्मपीठांत आणि विद्यापीठांत लॅटिन होतीच. म्हणून एकाच भाषेंत मूळचे शब्द आणि बाहेरून आलेले शब्द एकत्र नांदूं लागले, आणि येतांना प्रत्येकानें आपापले प्रत्यय बरोबर आणले. ‘नेस’ हा मूळ वाड्यांतला; तो आपल्या ‘पणा’चा सख्खा सोबती समजावा. काइंडनेस, गुडनेस, डार्कनेस. ‘इटी’ हा लॅटिनचा, फ्रेंचच्या दारानें आलेला. तो आपल्या ‘ता’सारखा, थोडा प्रतिष्ठित. प्युअर–प्युरिटी, रिअल–रिअ‍ॅलिटी, इक्वल–इक्वॉलिटी. पाहुणा प्रत्यय बहुधा पाहुण्या शब्दालाच शोभतो, म्हणून ‘काइंडिटी’ होत नाहीं. जसें मराठींत ‘भोळेत्व’ होत नाहीं. घरचा ‘नेस’ मात्र पाहुण्यांच्या पंक्तींतहि निःसंकोच बसतो, जसा आपला ‘पणा’ बसतो.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे यादीचीं कांहीं दालनें आपोआप उघडतात. ज्या विशेषणाच्या शेवटीं ‘एबल’ आहे त्याचें नाम बहुधा ‘अबिलिटी’नें होतें, ‘एबल’ हाच शब्द घ्या, त्याचें ‘अबिलिटी’. शेवटीं ‘एंट’ असेल तर ‘एन्स’ किंवा ‘एन्सी’: सायलेंट–सायलेन्स, अ‍ॅब्सेंट–अ‍ॅब्सेन्स, डीसेंट–डीसेन्सी. शेवटीं ‘एट’ असेल तर पुष्कळदां ‘असी’: अ‍ॅक्युरेट–अ‍ॅक्युरसी, प्रायव्हेट–प्रायव्हसी. ‘नेस’ लागला तरी शब्दाचा उच्चार सहसा जागचा हालत नाहीं. ‘इटी’ लागली कीं उच्चाराचा जोर सरकतो आणि ध्वनिहि बदलतो. ‘इलॅस्टिक’मधला शेवटचा ‘क’ ‘इलॅस्टिसिटी’मध्यें ‘स’ होतो. मुलें अडखळतात तीं येथेंच, आणि पालकांनीं कान धरण्यापेक्षां कान तयार करण्याची जागाहि हीच.

राहिलें ‘लेंग्थ’चें कोडें. हा ‘थ’ अत्यंत जुना आहे, आणि तो आंतल्या स्वराला धक्का देतो. लाँग–लेंग्थ, स्ट्राँग–स्ट्रेंग्थ, ब्रॉड–ब्रेड्थ, डीप–डेप्थ, वाइड–विड्थ. आपलें शूर–शौर्य आठवा. तेथेंहि स्वर हालतो, येथेंहि हालतो. ज्या मुलाला ‘शौर्य’ सोपें वाटतें त्यानें ‘स्ट्रेंग्थ’ला कां भ्यावें? ‘हाय’चें ‘हाइट’ होतांना तोच ‘थ’ ‘ट’ झाला. आणि याच कुळांतले दोन शब्द असे आहेत कीं ते आपल्या दुष्काळी मुलखांतल्या माणसानें एकदां ऐकले तर विसरणार नाहीं. ‘ड्राय’ म्हणजे कोरडा. त्याचें जुनें भाववाचक नाम ‘ड्राउट’, म्हणजे अवर्षण. ‘डिअर’ म्हणजे महाग. त्याचें नाम ‘डर्थ’, म्हणजे टंचाई, धान्याची महागाई. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतले माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके या दोन नामांचा अर्थ कोशाशिवाय जाणतात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत आधीं ड्राउट आला आणि त्याच्या पाठोपाठ डर्थ. आभाळ कोरडें झालें तें एका विशेषणाचें नाम, आणि दाणा आवाक्याबाहेर गेला तें दुसऱ्याचें. परीक्षेच्या यादींत हे शब्द क्वचितच सांपडतात. लोकांच्या इतिहासांत मात्र ते जोडीनेंच येतात.

येथें कोणी विचारील, एकाच विशेषणाचीं दोन नामें असलीं तर त्यांतलें एक फुकटच नव्हे काय? भाषा काटकसरी असते. ती एकाच कामाला दोन गडी ठेवीत नाहीं. ‘हार्ड’चें ‘हार्डनेस’ म्हणजे दगडाचा कठीणपणा आणि ‘हार्डशिप’ म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेले हाल. मराठींत ‘थंडी’ हवेंत असते, ‘थंडावा’ वाळ्याच्या पडद्यानें मिळतो आणि ‘थंडपणा’ माणसाच्या वागण्यांत जाणवतो. ‘गोडी’ उंसाची असते, तशी वाचनाचीहि लागते. ‘गोडवा’ गळ्याचा किंवा बोलण्याचा असतो. तेव्हां कोणता प्रत्यय लावावा हा प्रश्न केवळ शुद्धाशुद्धाचा नसून अर्थाचा आहे. मात्र एका दोषापासून सावध राहावें. ‘सौंदर्यता’, ‘औदार्यता’, ‘ऐक्यता’ असे शब्द अलीकडे सर्रास छापलेले दिसतात. सौंदर्य हें स्वतःच भाववाचक नाम असतां त्याला आणखी ‘ता’ जोडणें म्हणजे पागोट्यावर टोपी घालणें होय.

आतां मी त्या दुसऱ्या, महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतों. भाववाचक नाम कोणत्या गुणाला आधीं मिळतें आणि कोणत्याला मागाहून, यांतहि समाजाचें मन दिसतें. इंग्रजींत ‘इल्लिटरसी’, म्हणजे निरक्षरता, हा शब्द जुना आहे. ‘लिटरसी’, म्हणजे साक्षरता, हा त्याच्या पुष्कळ मागून प्रचारांत आला. उणीव आधीं नांवारूपाला आली आणि मग भरपाईला नांव मिळालें. यांत नवल नाहीं. उणीवेला नांव मिळालें म्हणजे तिच्यावर इलाज करण्याचा विचार सुचतो. ‘अमुक मनुष्य निरक्षर आहे’ असें म्हणणारा त्या मनुष्याकडे बोट दाखवितो; ‘आमच्या तालुक्यांत निरक्षरता आहे’ असें म्हणणाऱ्याला शाळा कोठें काढावी हें पाहावें लागतें. कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. त्यांनीं खेड्यापाड्यांतल्या मुलांकडे बोट दाखविलें नाहीं. निरक्षरतेला शत्रु मानलें आणि मुलांसाठीं वसतिगृहें उघडलीं.

याहूनहि मोठें उदाहरण एका मुलाचें आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत, जी आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, इंग्रजी पहिलीच्या वर्गांत भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचें नांव दाखल झालें. महाराष्ट्रांत तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांनीं पुढें ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणांत आपल्या साताऱ्याच्या दिवसांविषयीं लिहिलें आहे. वर्गांत वेगळें बसावयाचें, बसावयाला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावयाचा, शिपायानें पाणी वाढलें तरच तहान भागवावयाची. १९०१ सालीं ते आपल्या वडील भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटावयास निघाले आणि मसूरच्या स्टेशनावर उतरले, त्याचीहि हकीकत त्यांत आहे. मुलांचा पोशाख नीटनेटका होता. स्टेशनमास्तर आपुलकीनें चौकशी करूं लागला. परंतु जात कळतांच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना, अखेर दुप्पट भाडें घेऊन, आणि गाडी मुलांनींच हाकावी या अटीवर, एकजण तयार झाला.

श्रोतेहो, या प्रसंगाकडे व्याकरणाच्या दृष्टीनें पाहा. त्या एका क्षणांत मुलांमध्यें काय बदललें? कांहींहि नाहीं. तींच मुलें, तेच कपडे, तीच तहान. बदललें तें पाहणाऱ्याचें मन. परंतु भाषा काय करीत होती? ती ‘अस्पृश्य’ हें विशेषण मुलांना चिकटवीत होती. जणू काय उंची झाडाची असावी किंवा गोडी उंसाची असावी, तसा तो दोष मुलांच्याच अंगचा! विशेषण ज्याच्या अंगावर बसतें त्याचाच तो गुण, अशी आपली समजूत होते. विशेषणाचा हा मोठा धोका आहे.

त्या विशेषणाचें नाम झालें तेव्हां चित्र पालटलें. इंग्रजींत ‘अन्टचेबल’पासून ‘अन्टचेबिलिटी’ आणि आपल्याकडे ‘अस्पृश्य’पासून ‘अस्पृश्यता’. दोन्ही शब्दांची घडण एकमेकींशीं किती जुळते पाहा: ‘अन्–टच्–एबल्–इटी’ आणि ‘अ–स्पृश्–य–ता’. आरंभीं नकार, मग स्पर्शाचा धातु, मग योग्यतेचा प्रत्यय आणि शेवटीं भावाचा. पहिले तीन तुकडे माणसाला चिकटतात. चौथा तुकडा लागतांच शब्द माणसाच्या अंगावरून सुटतो आणि एका रूढीचें नांव होतो. रूढि म्हटली कीं तिला पाळणारा असतो. ‘अस्पृश्य कोण?’ हा प्रश्न मागें पडतो आणि ‘अस्पृश्यता पाळतो कोण?’ हा प्रश्न पुढें येतो. आरोपीच्या पिंजऱ्यांतला मनुष्यच बदलतो.

साताऱ्याच्या वर्गांत गोणपाटावर बसलेला तोच विद्यार्थी संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं संविधान सभेनें जें कलम मंजूर केलें तें आज संविधानाचा सतरावा अनुच्छेद आहे. त्यानें अस्पृश्यता नष्ट केली आणि ती कोणत्याहि रूपानें पाळण्यास मनाई केली. इंग्रजी पाठांत तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवलेला आहे. त्याची व्याख्या संविधानांत दिलेली नाहीं. १९५५ सालीं त्याविषयीं जो कायदा झाला त्यांतहि नाहीं. पण कलमाची रचना ध्यानांत घ्या: नष्ट करावयाचें तें नाम, आणि मनाई आहे ती पाळण्याच्या कृतीला. विशेषणावर कायदा करतां येत नाहीं. नामावर करतां येतो. संविधानाच्या उद्देशिकेंतहि समान–समानता, बंधु–बंधुता, एक–एकता अशीं भाववाचक नामेंच राष्ट्राचीं ध्येयें म्हणून उभीं आहेत.

परंतु नाम झालें म्हणजे काम झालें असें नव्हे, आणि ही सूचना दिल्यावांचून मला थांबतां येत नाहीं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणांत बाबासाहेबांनींच बजावलें होतें कीं, राजकारणांत समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनांत विषमता अशा विसंगतींत आपण प्रवेश करीत आहों. भाववाचक नामाला आणखी एक वाईट खोड आहे. तें कर्त्याला पडद्याआड लपवितें. ‘निष्काळजीपणामुळें अपघात झाला.’ कोणाच्या? ‘उदासीनतेमुळें काम रखडलें.’ उदासीन कोण होता? ‘गरिबी वाढली.’ कोण गरीब झालें, आणि कशानें? अशीं वाक्यें आपण रोज वाचतों व मान डोलावतों, कारण त्यांत कोणाचेंहि नांव नसतें आणि म्हणून कोणाला लागतहि नाहीं.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो घरांत मुलांबरोबर करण्यासारखा आहे. वर्तमानपत्रांतलें एक वाक्य घ्यावें. त्यांतलें भाववाचक नाम शोधावें. तें कोणत्या विशेषणापासून झालें हें मुलाला सांगूं द्यावें. इंग्रजी असेल तर प्रत्यय घरचा कीं पाहुणा, हेंहि विचारावें. मग उलट प्रवास करावा: त्या नामाचें पुन्हां विशेषण करून, तें ज्याचें त्याला जोडून, पूर्ण वाक्य बनवावें. ‘अपघात निष्काळजीपणामुळें झाला’ याचें ‘अमुक मनुष्य निष्काळजी होता, म्हणून अपघात झाला’ असें करावें. ‘अमुक’च्या जागीं नांव घालतां आलें नाहीं, तर आपल्याला अद्याप माहिती मिळालेली नाहीं, नुसता शब्द मिळाला आहे, असें समजावें. या खेळानें इंग्रजीच्या परीक्षेंत गुण वाढतील हें खरेंच. परंतु त्याहून मोठा लाभ असा कीं, मुलाला भाषेच्या दोन्ही दिशा येतील. अन्याय माणसाच्या अंगावरून सोडवावयाचा असेल तेव्हां विशेषणाचें नाम करावें. आणि अन्याय करणारा नामाआड लपूं लागला कीं नामाचें पुन्हां विशेषण करून त्याला उजेडांत आणावें.

पुढच्या वेळीं मुलानें वही पुढें करून ‘याचें भाववाचक नाम काय?’ असें विचारलें, तर उत्तर अवश्य सांगावें. आणि उत्तराबरोबर ‘हा गुण कोणाचा, आणि हें कोणीं ठरविलें?’ असा एक प्रश्न त्यालाहि विचारावा.